साखर पेरात उतरते तेव्हा

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की बालाघाटाच्या माथ्यावरची गावं रिकामी व्हायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी, गेवराई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाची पोती, चुलीचं सामान, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, लहान पोरं आणि कोयते. काही गाड्या नगर, पुण्याकडे वळतात, काही सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे. काही सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटला जातात. माणसं परततात ती पाडव्याच्या आगेमागे, ऊस जास्त असेल तर अक्षय तृतीयेलाही. घरी म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्या जिवावर टाकलेली काही पोरं.

या स्थलांतराचा इतिहास सांगताना दुष्काळ येतो, सहकार येतो, मजूर जमवणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल आणि पुढाऱ्यांचं राजकारण येतं. हे सगळं खरंच आहे. पण ज्याच्यासाठी हे लाखो लोक घर सोडतात त्या उसाचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे, आणि ते गाळपाचा हंगाम ठरवणाऱ्या कुठल्याही मंत्री समितीपेक्षा जुनं आहे. पानात तयार झालेली साखर कोणत्या वाटेनं खाली उतरते, कुठल्या पेशींत साठते, कधी साठते आणि तोडल्यावर किती तासांत नासायला लागते, या चार गोष्टींनी बीडच्या माणसांचा हिवाळा ठरवला. कमरेतून कुठवर वाकायचं आणि रात्री कितीला उठायचं, हेही त्यांनीच ठरवलं. म्हणून हा इतिहास मला उसाच्या पेरापासून सांगावासा वाटतो.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बालाघाटाच्या रांगेनं त्याचे दोन तुकडे केलेत. उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी, तिथली जमीन काळी आणि खोल. दक्षिणेला आणि पश्चिमेला डोंगरमाथ्याची मुरमाड, हलकी रानं. पाऊस सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही मान्सूनच्या लहरीवर. खरिपाची बाजरी निघाली आणि ज्वारीला ओल पुरली नाही, तर माथ्यावरच्या कुटुंबाला ऑक्टोबरपासून जूनपर्यंत शेतात काम उरत नाही.

इकडे बीडच्या पश्चिमेला, ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, वेगळंच काही घडत होतं. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आले आणि १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं. हे कालवे मुळात दुष्काळनिवारणासाठी खोदलेले. पण बारमाही पाणी मिळालं आणि शेतकरी उसाकडे वळला. तेव्हाचा दख्खनचा ऊस म्हणजे पुंड्या: जाड, मऊ, रसाळ आणि नाजूक. गुळासाठी उत्तम, रोगापुढे मात्र त्याचं फारसं चालत नसे.

पुंड्याला मागे सारणारा ऊस तामिळनाडूतून आला. कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथले शास्त्रज्ञ बार्बर आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरमण यांनी जाड, गोड उसाचा संकर नदीकाठच्या कासाशी, म्हणजे रानटी उसाशी केला. कासात गोडी नावालाच. पण मुळं चिवट, फुटवा भरपूर, रोगांना दाद न देणारा. गोड उसाकडे साखर साठवणारा गाभा होता, रानटी उसाकडे तो गाभा जगवणारी मुळं. उत्तर भारतासाठीचा को २०५ हा या संकराचा पहिला गाजलेला वाण. पुढे १९३० च्या दशकात को ४१९ आला आणि त्यानं दख्खनच्या कालव्यांवरचा पुंड्या जवळपास पुसून टाकला. नीरेच्या काठी पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झालं होतं. महाराष्ट्रात त्यानंतर लागलेल्या को ७४०, को ८६०३२, फुले २६५ या वाणांच्या कहाणीत पाडेगावचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

त्याच वर्षी, १९३२ मध्ये, देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी साखरेवर जकात बसली आणि कालव्यांच्या काठी खासगी कारखाने उभे राहिले. १९५०-५१ मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी कारखाना गाळपाला लागला. त्याच्या यशानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. कारखाना उभा करायला शेतकऱ्यांचं भागभांडवल आणि सरकारची हमी मिळाली. ऊस तोडायला मात्र दर हिवाळ्यात हजारो हात लागत होते, आणि ते कालव्याकाठच्या गावांत नव्हते. ते कोरडवाहू रानांत होते, बालाघाटावर आणि पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यात.

हात हिवाळ्यातच का लागतात, हे कळायला उसाची एक कांडी आडवी कापून पाहावी. कापलेल्या भागावर बारीक बारीक ठिपके दिसतात, कडेला दाट आणि मध्ये विरळ. प्रत्येक ठिपका म्हणजे वाहिन्यांचा एक जुडगा. त्यातली मोठी छिद्रं जलवाहिन्यांची. त्यांना लागून रसवाहिन्यांचा बारीक पुंजका. भोवती टणक दृढ ऊतींचं कवच. कडेला हे जुडगे दाटीनं असतात म्हणून उसाची साल एवढी कठीण होते आणि तीन-चार मीटर उंचीचं ते जडशीळ खोड वाऱ्यात उभं राहतं. कोयत्याची धार बोथट होते ती याच दृढ ऊतींवर. ठिपक्यांच्या मधली जागा भरून काढतात त्या मऊ, पातळ भिंतींच्या मूल ऊती. साखर असते ती या मूल ऊतींच्या पेशींत. आपण ऊस चावतो तेव्हा त्या पेशी फुटतात. थुंकतो तो चोथा म्हणजे वाहिन्यांचे दोरे आणि पेशींच्या भिंती.

जलवाहिन्यांचं काम एका दिशेचं. मुळांनी मातीतून शोषलेलं पाणी आणि त्यात विरघळलेलं नत्र, स्फुरद, पालाश त्या वर नेतात. ओढणारी ताकद वर पानात असते. पानातून बाष्प उडतं आणि पाण्याचा अखंड धागा खालून खेचला जातो. हे १८९४ मध्ये डिक्सन आणि जोली यांनी डब्लिनमध्ये मांडलं. उसाची सगळी चैन या धाग्यावर चालते. पाटपाण्यावरच्या आडसाली उसाला उभ्या आयुष्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं, म्हणजे बीडला चार-पाच वर्षांत पडतो तेवढा पाऊस. त्यातलं बहुतेक पाणी पानांवाटे हवेत जातं; उसात राहतं ते थोडंच.

रसवाहिन्यांचं काम अधिक गुंतागुंतीचं, आणि आपली कहाणी त्यांचीच आहे. त्यांच्या पेशी जिवंत असतात. एकीवर एक रचलेल्या या नळ्यांच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी भोकं असतात. पानात तयार झालेली साखर या नळ्यांत भरली जाते. आतला रस दाट झाला की शेजारच्या जलवाहिनीतून पाणी आत शिरतं आणि नळीत दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला, खोडात किंवा मुळात, साखर काढून घेतली जाते. पाणीही बाहेर पडतं, दाब उतरतो. दाब असतो तिथून नसतो तिकडे रस वाहत जातो. जर्मनीच्या अर्न्स्ट म्युंक यांनी १९३० मध्ये सांगितलेली ही गोष्ट. झाडांमध्ये हा प्रवाह साधारणपणे तासाला अर्धा ते दीड मीटर चालतो.

इतर बहुतेक झाडांत रसवाहिन्या सालीत असतात, त्यामुळे सालीचं कडं काढून त्यांचा अभ्यास करता येतो. इटलीच्या माल्पिघी यांनी सतराव्या शतकात तेच केलं होतं. उसाच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असल्यानं ही युक्ती तिथे चालत नाही. तिथे किरणोत्सारी कार्बन लागला. होनोलुलूच्या ऊस संशोधन केंद्रात कॉन्स्टन्स हार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी एकेका पानाला किरणोत्सारी कार्बन असलेला वायू दिला आणि ती साखर पानातून खोडात, खोडातून खाली मुळांकडे कशी उतरते याचा माग काढला. हयात त्यांनी उसाच्या साखरेमागे घालवली. त्याच केंद्रातल्या कोर्टशाक, हार्ट आणि बर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं की उसाच्या पानात सूर्यप्रकाशात सर्वांत आधी तयार होतात ती चार कार्बनी आम्लं. इतर वनस्पतींत तेव्हा माहीत असलेल्या तीन कार्बनी पदार्थापेक्षा हे वेगळं होतं. पुढच्याच वर्षापासून ब्रिस्बेनला, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, हॅच आणि स्लॅक यांनी त्याचा संपूर्ण मार्ग उलगडला. ऊस कडक उन्हात, चढत्या तापमानात इतर पिकांपेक्षा जास्त कार्बन का पकडतो, याचं उत्तर त्यात होतं. पानातल्या वाहिन्यांभोवती मोठ्या पेशींचं एक कडं असतं. कार्बन तिथे एकवटला जातो, साखरेच्या जुळणीला तिथेच सुरुवात होते, आणि रसवाहिनी लगेच शेजारी असते. दख्खनचं ऊन या पिकाला मानवतं ते यामुळे.

आता हिवाळा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, पाणी आणि ऊब असताना, खाली उतरलेली बरीच साखर ऊस वाढीवरच खर्च करतो. कोवळ्या पेरांत इन्व्हर्टेज नावाचं विकर भरपूर असतं. ते साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि त्यावर नव्या पेशी वाढतात. ऑक्टोबरनंतर रात्री थंड होतात, जमिनीतली ओल कमी होते, शेंड्याची वाढ मंदावते. पानांचं काम मात्र दिवसाच्या उन्हात चालूच राहतं. खर्च घटला, जमा सुरू राहिली. मग साखर गाभ्यात साठत जाते. जुन्या पेरांत ते विकर आधीच कमी झालेलं असतं, म्हणून तिथली साखर अखंड राहते. ऊस पक्व झाला म्हणतात तो या अर्थानं. शेतकऱ्यानं उशिरा युरिया दिला तर ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि साखरेचा उतारा घटतो. तुरा आला की वाढ थांबते, आणि तसाच उभा राहिला तर गाभा पोकळ होऊन साखर घटते. कारखान्याचा माणूस रानात येऊन ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, तपासतो आणि चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, ती या पेशींच्या हिशेबावर.

साखर पेरात उतरायला लागते नेमकी तेव्हाच बालाघाटावर काम संपतं. एका ठिकाणचा थंड कोरडा हिवाळा उसाला गोड करतो आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाला बेकार करतो. या योगायोगावर महाराष्ट्राचा साखर धंदा पाऊण शतक उभा आहे.

१९७२ चा दुष्काळ या नात्यात मोठी खूण ठरला. मराठवाड्यात खडी फुटत होती, पाझर तलावांची कामं निघाली होती; रोजगार हमी योजनेला बळ मिळालं ते त्या दिवसांत. सरकारी कामावरची मजुरी हप्त्याला मिळे आणि काम कधी बंद पडेल याचा नेम नसे. मुकादम मात्र उचल आधीच हातावर ठेवत होता. लग्न, आजारपण, जनावराची खरेदी, बियाणं. नड कुठलीही असो, पैसे आधी आणि काम मागून. ज्या घरांनी तेव्हा एकदा कोयता हातात घेतला, त्यांतल्या अनेकांच्या पुढच्या पिढीच्या हातातून तो सुटला नाही. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये लोकार्पण झालं, पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी माजलगावपर्यंत आलं, बीड जिल्ह्यातही ऊस लागला आणि कारखाने निघाले. गंगथडीला याचा आधार झाला. डोंगरमाथ्याला कालवा चढत नाही.

तोडीचं काम पाहिलं तर उसाची शरीररचनाच माणसाच्या हालचाली ठरवते हे दिसतं. सर्वांत जुनी पेरं बुडाला, म्हणून सर्वांत जास्त साखर बुडाला. म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. वर ठेवलेलं बोटभर बुडखंही कारखान्याला साखरेचं नुकसान आणि शेतकऱ्याला खोडव्याचं. कारण पुढच्या वर्षीचे कोंब जमिनीखालच्या डोळ्यांतून यायला हवेत, तिथूनच त्यांना स्वतःची मुळं फुटतात. उंच राहिलेल्या बुडख्यावरचा कोंब कमजोर राहतो. तोडणाऱ्याला याचा अर्थ एकच: प्रत्येक उसासाठी कमरेतून पूर्ण वाकायचं. दिवसाला शेकडो, हजारो वेळा.

शेंड्याला उलट. तिथली पेरं कोवळी, त्यांत साखर कमी आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त. कारखान्याला ते नको असतं, त्यानं साखरेचे स्फटिक कमी पडतात. म्हणून वाडं छाटून टाकायचं. ते वाडं बैलांच्या पोटात जातं, त्याच्या पेंढ्या विकून दोन पैसे मिळतात आणि मोळी बांधायलाही तेच उपयोगी पडतं. मधली वाळलेली पानं, म्हणजे एके काळी साखर तयार करून आता थकलेली पानं, पाचट होऊन अंगाला कापत राहतात. साधारणपणे पुरुष तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते. मग वीस-तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी सेंटरचे लोक बैलगाडी किंवा टायर गाडीनं ऊस कारखान्यावर नेतात, डोकी सेंटरचे लोक असा डोक्यावरून ट्रक भरतात.

आणि घाई. तुटलेल्या उसाचा पानांशी आणि मुळांशी संबंध संपतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. श्वसन चालू राहतं, साखर जळत राहते. पक्व पेरांत कमी झालेलं विकर पुन्हा कामाला लागून साखर फोडू लागतं. कापलेल्या तोंडातून जिवाणू आत शिरतात आणि रसात चिकट डेक्स्ट्रन तयार करतात, त्यानं कारखान्यात रस गाळायलाही त्रास होतो. शिवाय पाणी उडतं, वजन घटतं. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडावा अशी अपेक्षा असते. पेटवलेला असेल तर त्याहूनही लवकर. ट्रक रात्री दोनला आला तर दोनला उठून भरायचा. गाडी कारखान्याच्या रांगेत दिवसभर अडकली तर सुकणाऱ्या उसाचं वजन कमी भरतं, आणि मजुरी तर टनावर. नासलेल्या साखरेचे पैसे कारखान्याचे जातात, हवेत उडालेल्या पाण्याचे शेतकऱ्याचे जातात आणि तोडणाऱ्याचेही जातात. या तिघांत ते सोसण्याची ताकद सर्वांत कमी कोणाची, हे सांगायला नको.

एक वेळ अशी आली की या रसवाहिन्यांना दुसऱ्याच कोणी तोंड लावलं. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखा थर दिसू लागला. लोकरी मावा. या किड्याची सोंड केसाहून बारीक. ती पानाच्या पेशींमधून वाट काढत बरोबर रसवाहिनी गाठते, आणि आतल्या दाबानं रस आपोआप त्याच्या पोटात येतो. मावा हे इतकं अचूक करतो की केनेडी आणि मिटलर या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये सोंड रसवाहिनीत असतानाच मावा कापून, उरलेल्या सोंडेतून टपकणारा शुद्ध रस अभ्यासासाठी गोळा केला होता. सांगलीहून कीड कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगर अशी पसरली. जास्तीचा रस मावा चिकट थेंबांत टाकतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पान ऊन घेईनासं होतं. त्याच सुमारास अवर्षण पडलं. राज्याचं साखर उत्पादन २००३-०४ मध्ये आदल्या हंगामाच्या निम्म्याच्या आसपास आलं. पुढे डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक वाढवून रानांत सोडले गेले आणि संकट आवाक्यात आलं. कृषी विद्यापीठांच्या आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या कामाचं श्रेय इथे द्यायलाच हवं. पण ऊस कमी म्हणजे हंगाम आखूड. उचल घेतलेली असते अख्ख्या हंगामाची. न फिटलेली उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

या माणसांची संघटना बांधण्याचे प्रयत्न झाले. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून राज्यभर ओळखले गेले. संप, कोयता बंद, आणि मग कारखान्यांच्या साखर संघाशी वाटाघाटी, शरद पवार आणि मुंडे यांचा लवाद, हा वर्षानुवर्षांचा क्रम झाला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली ती याच परंपरेत. मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ झालं. गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्यानं १० रुपये आणि तेवढेच शासनानं द्यायचे अशी त्याची रचना. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली, ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रांचं काम निघालं. ही पावलं मोलाची आहेत. ती फार उशिरा पडली हेही खरं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बीडची माणसं कारखान्यांच्या तळांवर कोप्यांत अडकली. गाव लांब, वाहनं बंद, जिल्ह्याच्या सीमांवर नाके. परतायची परवानगी मिळायला एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला. दरम्यान अनेक ठिकाणी तोड चालूच होती, कारण शेतात उभा ऊस कुठल्याही आदेशानं थांबत नाही. एप्रिलची ऊब वाढली की साखर पेरातून कमी व्हायला लागते.

सर्वांत जड हिशेब बायकांचा आहे. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांचं प्रमाण किती मोठं आहे हे २०१९ मध्ये देशासमोर आलं. राज्य शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा जणींमागे एक. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी. जड मोळ्या, रात्रीअपरात्री ट्रक भरणं, तळावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, अंगावर काढलेले जंतुसंसर्ग. आणि एक खाडा पडला तरी कापली जाणारी मजुरी. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला पिशवी काढण्याचा सल्ला मिळे, आणि हंगामाआधी तो मानणं तिला सोयीचं वाटे. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. शस्त्रक्रियेवर अंकुश आला. तिला तिथवर नेणारा तोडीचा दिनक्रम मात्र तसाच आहे.

उसातली साखर किती उतरली हे या राज्यात दोन दशांश स्थळांपर्यंत मोजलं जातं. ११.२५ की ११.४०, यावर कारखान्याचा नफा आणि शेतकऱ्याचा भाव ठरतो. वाण बदलला, खत बदललं, ठिबक आलं. पेरात थोडी जास्त साखर उतरावी म्हणून शंभर वर्षं बुद्धी आणि पैसा खर्च झाला, आणि त्यात गैर काही नाही. पण ती साखर बुडापासून तोडून चोवीस तासांत गव्हाणीत नेणाऱ्या बाईची साधी नोंद करारात होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या हातात. तिचं काम निम्म्याहून कमी नसतं. कागदावर मात्र ती नसते. आता तोडणी यंत्रं येत आहेत, त्यांना अनुदानही मिळतंय, आणि यंत्र आल्यावर बालाघाटाच्या माथ्यावर हिवाळ्यात काय काम असेल याचा विचार आजच व्हायला हवा. पण यंत्र बांधाबांधाच्या छोट्या रानांत पोचायला वेळ लागेल. तोवर तोडीचा करार होत राहील. तो करायला बसणाऱ्या साखर संघाला, संघटनांना आणि सरकारला माझी विनंती आहे: पुढच्या करारात प्रत्येक बाईचं नाव वेगळ्या ओळीत लिहा, तिची मजुरी तिच्या खात्यात टाका, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा कापू नका, आणि प्रत्येक तळावर पाणी, संडास आणि दवाखाना असल्याशिवाय कारखान्याला गाळपाचा परवाना देऊ नका.